पाहुणा आला, घरचा झाला

(रेडिओवरील भाषणाचा संपादित भाग)

मुलगा शिकायला परगावी निघाला की आपल्याकडच्या आया एस.टी.च्या खिडकीशी उभ्या राहून दोन वाक्ये हमखास बोलतात. ‘काळजी करू नकोस’ हे एक आणि ‘काळजी घे’ हे दुसरे. शब्द एकच, काळजी. पण एकीकडे ती करायची नाही आणि दुसरीकडे ती घ्यायची आहे. मराठी ज्याची मायबोली आहे त्याला यात काही विसंगती वाटत नाही. मराठी नव्याने शिकणारा मात्र इथे अडखळतो. काळजी म्हणजे काय हे तो शब्दकोशात पाहील, करणे आणि घेणे यांचेही अर्थ पाहील. पण ‘काळजी’ला ‘घेणे’ जोडले की सावधपणा होतो आणि ‘करणे’ जोडले की चिंता होते, हे त्याला कोणी सांगितल्याशिवाय कळणार नाही.

शब्दांचे असेच असते. त्यांच्या सोबती ठरलेल्या असतात. आपण शपथ घेतो, सूड घेतो, श्वास घेतो, औषध घेतो. फोटो मात्र काढतो आणि अंघोळ करतो. इंग्रज माणूस शपथ, सूड, श्वास, औषध, फोटो आणि अंघोळ या सगळ्यांना एकाच क्रियापदाने आवरतो. ते क्रियापद म्हणजे ‘टेक’. जपानी माणूस औषध पितो, मग ती गोळी का असेना. आणि अंघोळीत तो शिरतो. बंगाली माणूस औषध खातो. यातले बरोबर कोणते आणि चूक कोणते, असा प्रश्नच उद्भवत नाही. ज्या त्या भाषेचा तो रिवाज आहे.

हा ‘टेक’ आता आपल्या घरातही चांगलाच रुळला आहे. फोन ठेवताना मुले ‘टेक केअर’ म्हणतात. मुंबईच्या स्टुडिओत ‘टेक’ होतो, बिघडला तर ‘रीटेक’ होतो. आणि विमान ‘टेकऑफ घेते’, म्हणजे एकाच दमात इंग्रजीतूनही घेते आणि मराठीतूनही घेते. मंडळी, आज मला या लहानशा क्रियापदाची गोष्ट सांगायची आहे. कारण इंग्रजीत सर्वांत जास्त वापरल्या जाणाऱ्या शब्दांपैकी हा एक असला, तरी तो मुळात इंग्रजी नाही. तो इंग्लंडात परदेशातून आला. तोही शत्रूंच्या तोंडून.

एक हजार वर्षांपूर्वीचे इंग्रजी आज खुद्द इंग्रजांनाही शिकल्याशिवाय वाचता येत नाही. त्या जुन्या इंग्रजीत ‘घेणे’ या अर्थाचा शब्द होता ‘निमान’. जर्मन भाषेत आजही घेण्याला ‘नेमेन’ म्हणतात, डच भाषेत ‘नेमन’ म्हणतात. इंग्रजी ही याच कुळातली भाषा. तेव्हा न्यायाने पाहिले तर आज इंग्रजांनी ‘निम’ किंवा तसेच काहीतरी म्हणायला हवे होते. ‘निम केअर’, ‘निम अ सीट’. तसे झाले नाही. का झाले नाही, हे समजायला आपल्याला समुद्राकडे पाहावे लागते.

इ. स. ७९३ च्या जून महिन्यात इंग्लंडच्या ईशान्य किनाऱ्याजवळच्या लिंडिसफार्न बेटावरील मठावर समुद्रातून हल्ला झाला. मठ लुटला, भिक्षू मारले, काहींना पळवून नेले. हे हल्लेखोर उत्तरेकडच्या स्कँडिनेव्हियातून आलेले व्हायकिंग. पुढची सत्तर-एक वर्षे ते येत राहिले, लुटत राहिले आणि परत जात राहिले. ८६५ साली मात्र मोठे सैन्य घेऊन आले आणि परत गेलेच नाहीत. पुढच्याच वर्षी यॉर्क त्यांच्या हाती पडले. ८७६ साली त्यांच्या हाफडन नावाच्या सरदाराने नॉर्थम्ब्रियातील जमीन आपल्या माणसांना वाटून दिली आणि त्यांनी नांगर धरला, अशी नोंद त्या काळच्या बखरीत आहे. ८७८ साली राजा आल्फ्रेडने त्यांचा पराभव केला. पण तो त्यांना देशाबाहेर घालवू शकला नाही. अखेर तह झाला. उत्तर आणि पूर्व इंग्लंडमधला जो मोठा पट्टा डेन लोकांच्या अंमलाखाली राहिला, त्याला पुढे ‘डेनलॉ’ असे नाव पडले.

त्या पट्ट्यातली गावांची नावे आजही साक्ष देतात. डर्बी, व्हिटबी, ग्रिम्सबी. यातला ‘बी’ म्हणजे नॉर्स भाषेतले गाव किंवा वस्ती. आपल्याकडे जसे ‘वाडी’, ‘खुर्द’, ‘बुद्रुक’ आणि ‘आबाद’ ही शेपटे गावाचा इतिहास सांगतात, तसेच हे. आणि आपल्या हाउसिंग सोसायटीच्या सभेत ज्या ‘बायलॉज’वरून भांडणे होतात, त्यातला ‘लॉ’ हा नक्की आणि ‘बाय’ बहुधा त्याच गाववाचक शब्दातून आलेला आहे.

शेजार झाला, तरी वैर संपले नव्हते. १००२ सालच्या नोव्हेंबरची १३ तारीख. सेंट ब्राइसचा दिवस. इंग्लंडचा राजा एथेलरेड याने हुकूम काढला की देशातील डेन माणसांना ठार मारावे. ऑक्सफर्ड शहरात काही डेन जिवाच्या भीतीने सेंट फ्राइड्सवाइडच्या चर्चमध्ये शिरले. पाठलाग करणाऱ्या जमावाने चर्चच पेटवून दिले. हे मी कुठल्या दंतकथेतून सांगत नाही. दोन वर्षांनी, १००४ साली, त्या चर्चला दिलेल्या राजाच्याच सनदेत हा प्रकार नोंदवलेला आहे. २००८ साली ऑक्सफर्डच्या सेंट जॉन्स कॉलेजच्या आवारात खोदकाम चालू असताना तीसहून अधिक तरुण पुरुषांचे सांगाडे एकत्र टाकलेले सापडले. हाडांवर शस्त्रांच्या खुणा होत्या, काहींवर जळाल्याच्या. ते त्याच कत्तलीतले असावेत, असा काही अभ्यासकांचा अंदाज आहे.

त्या दिवशी मारले गेलेले सगळे काही लुटारू नव्हते. कित्येक जणांचे आजे-पणजे तिथेच जन्मले असतील, तिथल्याच मुलींशी त्यांची लग्ने झाली असतील. पण हुकूम सुटतो तेव्हा कोण कधी आला हे कोणी विचारत नाही.

आता पुढचा भाग पाहा. या कत्तलीनंतर अकरा वर्षांनी, १०१३ साली, डेन्मार्कचा राजा स्वेन इंग्लंडच्या गादीवर बसला. १०१६ साली त्याचा मुलगा क्नूट राजा झाला आणि १०३५ पर्यंत त्याने राज्य केले. आणि ज्या शतकाच्या आरंभी डेन माणसांना मारण्याचा हुकूम निघाला, त्याच शतकाच्या अखेरीस इंग्रजीत लिहिणाऱ्यांच्या लेखणीतून एक नवे क्रियापद उतरू लागले. नॉर्स भाषेत ते ‘ताका’ होते. अर्थ पकडणे, हात लावणे, घेणे. हाच आपला ‘टेक’.

राजा डेन होता म्हणून हा शब्द आला, असे मला वाटत नाही. राजाबरोबर दरबारातले शब्द येतात. ‘घेणे’ हा दरबारातला शब्द नव्हे. तो गोठ्यातला, बाजारातला, चुलीपुढचा शब्द. इंग्रज आणि डेन यांच्या भाषा एकाच कुळातल्या होत्या. एकमेकांचे बोलणे त्यांना बरेचसे कळत असावे. सांगली-कोल्हापूरच्या सीमेवर मराठी आणि कानडी माणसे एकत्र राहतात, तिथे तर दोन भाषांची कुळेही वेगळी; तरीही शब्द इकडचे तिकडे जातात. इंग्लंडात तर कुळ एकच होते. गाय विकायची आहे, तूप घ्यायचे आहे, पोरीचे लग्न ठरवायचे आहे, अशा व्यवहारातून शब्द सरमिसळ झाले. अंडे, चाकू, कातडी, खिडकी, मूळ, पाय, राग, आकाश यांसाठी आज इंग्रजीत जे शब्द आहेत, ते नॉर्स भाषेतून आलेले आहेत. ‘हजबंड’ हाही नॉर्स शब्द. मूळ अर्थ घरधनी. ‘ते’, ‘त्यांचे’, ‘त्यांना’ ही सर्वनामेसुद्धा तिकडचीच. जिथे नवरा आणि सर्वनामे उसनी घेतली जातात, तिथे शेजार किती दाट झाला असेल याची कल्पना करावी.

तरीही हा बदल एका रात्रीत झाला नाही. ‘टेक’ आधी उत्तरेत आणि पूर्वेत, म्हणजे डेन वस्तीच्या भागात रुळला. बाराव्या शतकाच्या उत्तरार्धात लिंकनशायरकडे ऑर्म नावाचा एक धर्मोपदेशक होऊन गेला. नाव अस्सल नॉर्स, अर्थ साप. त्याने बायबलमधील वेच्यांवर पद्यात प्रवचने लिहिली आणि स्वतःच्या नावावरून त्या ग्रंथाला ‘ऑर्म्युलम’ असे नाव दिले. आपली प्रवचने लोकांनी बरोबर वाचावीत म्हणून त्याने ऱ्हस्व स्वरानंतरचे व्यंजन दोनदा लिहिण्याची स्वतःची पद्धत बसवली. आजच्या वाचकाला ते विचित्र दिसते. पण त्या काळचे लोक कसे बोलत, हे त्यामुळेच कळते. नाव नॉर्स, भाषा इंग्रजी, धर्म ख्रिस्ती आणि लेखणीत ‘टेक’. पूर्वजांनी ज्या धर्माचे मठ जाळले, त्याच धर्माची प्रवचने हा माणूस तिथल्या भाषेत लिहीत होता. त्याला परका म्हणणार तरी कसे?

दक्षिणेत ‘निमान’ आणखी दोनशे-एक वर्षे तग धरून होता. चौसरचा मृत्यू १४०० साली झाला. लंडनच्या या कवीच्या भाषेत ‘टेक’ पक्का बसलेला दिसतो. मात्र ‘ते’साठी नॉर्स सर्वनाम वापरणारा चौसर ‘त्यांना’ म्हणताना जुनाच इंग्रजी शब्द वापरतो. म्हणजे घराचा एक दरवाजा उघडला होता, दुसरा अजून उघडायचा होता.

आणि बिचाऱ्या ‘निमान’चे काय झाले? घरचा धनी ओसरीवर आला, ओसरीवरून रस्त्यावर गेला. सोळाव्या-सतराव्या शतकात ‘निम’ हा शब्द उरला तो चोरांच्या बोलीत, ‘लांबवणे’ या अर्थाने. शेक्सपिअरच्या ‘पाचवा हेन्री’ या नाटकात कॉर्पोरल निम नावाचे एक पात्र आहे. ते हातचलाख आहे आणि शेवटी फासावर जाते. त्या काळच्या प्रेक्षकांना नाव ऐकताच हसू फुटत असणार. आज ‘निमान’चे दोन वंशज इंग्रजीत नांदत आहेत, पण त्यांचे कूळ कोणाला आठवत नाही. एक ‘नम’, म्हणजे बधिर. मूळ अर्थ ‘घेतला गेलेला’, ज्याची संवेदना हिरावून घेतली आहे असा. दुसरा ‘निंबल’, म्हणजे चपळ. मूळ अर्थ चटकन घेणारा, उचलणारा.

‘टेक’ घरात आला, पण त्याचा संसार वाढला तो आणखी एका परचक्रानंतर. १०६६ साली फ्रेंच बोलणाऱ्या नॉर्मनांनी इंग्लंड जिंकले. पुढची तीनशे वर्षे दरबार, न्यायालय, मोठ्यांच्या मेजवान्या हे सारे फ्रेंचमध्ये चालले. फ्रेंच नामे शेकड्यांनी इंग्रजीत आली. नाम आले की त्याला चालवायला क्रियापद लागते. नवे क्रियापद घडवण्यापेक्षा हाताशी असलेले जोडून देणे सोपे. फ्रेंच माणूस ‘भाग घेणे’ म्हणत होता, इंग्रजाने त्यातला ‘घेणे’ काढून आपला ‘टेक’ घातला आणि ‘टेक पार्ट’ तयार झाले. यात ‘टेक’ नॉर्स आणि ‘पार्ट’ फ्रेंच. ‘टेक केअर’मध्ये ‘केअर’ जुना इंग्रजी. ‘टेक रूट’ म्हणजे मूळ धरणे. त्यात दोन्ही शब्द नॉर्स. एका क्रियापदाच्या पंगतीला तीन घरची माणसे बसली आहेत आणि वाढणाऱ्याला त्याचे काही नाही.

यातली मला सर्वांत आवडणारी जोडी ‘टेक लीव्ह’ ही आहे. ऑफिसातली रजा ती ‘लीव्ह’. पुष्कळांना वाटते की हा सोडून जाण्याचा ‘लीव्ह’. तसे नाही. हे दोन वेगळे शब्द आहेत, उच्चार तेवढा सारखा झाला. रजेतल्या ‘लीव्ह’चा जुना अर्थ परवानगी, संमती, आणि इंग्रजीतले प्रेम व विश्वास हे शब्द त्याचे दूरचे भाऊबंद आहेत. आता आपली ‘रजा’ पाहा. हा अरबी शब्द. फारसीच्या वाटेने मराठीत आला. त्याचाही मूळ अर्थ संमती, राजीखुशी. ‘राजी’ आणि ‘राजीनामा’ हे त्याच धातूतले. कुठे ते इंग्लंडातले खेडे आणि कुठे अरबस्तान, पण दोन्हीकडच्या माणसांना एकच गोष्ट सुचली. जाताना दुसऱ्याची खुशी विचारून जावे. जुन्या पिढीतली माणसे उठताना ‘येतो, रजा असावी’ म्हणत. उर्दू कार्यक्रमाचे निवेदक शेवटी ‘अब इजाज़त दीजिए’ म्हणतात. त्याचाही भाव हाच.

इथे आपल्या मराठीकडे वळल्याशिवाय राहवत नाही. बहमनी काळापासून फारसी ही राज्यकारभाराची भाषा झाली आणि अरबी-फारसी नामांचा लोंढा मराठीत आला. मराठीने काय केले? तेच, जे इंग्रजीने फ्रेंच नामांचे केले. आपल्या घरचे क्रियापद जोडून दिले. कबूल करणे, जमा करणे, खर्च करणे, सुरू करणे, दखल घेणे, हरकत घेणे, नजर ठेवणे. नाम पाहुणे, क्रियापद घरचे. ‘बदलणे’, ‘आजमावणे’, ‘गुजरणे’ अशी थोडी क्रियापदेही आली आणि मराठी प्रत्यय लावून वावरू लागली. शिवाजी महाराजांच्या काळात ‘राज्यव्यवहारकोश’ तयार झाला. त्यात दरबारी फारसी शब्दांना संस्कृत पर्याय दिले होते. त्याला त्या काळचे राजकीय कारण होते आणि ते समजण्यासारखे आहे. पण बाजारातले, शेतातले आणि घरातले शब्द लोकांच्या तोंडून गेले नाहीत. लोकांना त्यांची गरज होती.

एवढे होऊनही मराठीचे ‘घेणे’, ‘देणे’, ‘जाणे’, ‘येणे’ हे खांब जागचे हलले नाहीत. ‘घेणे’ प्राकृतातून आले, ज्ञानेश्वरांनी वापरले, आज आपण वापरतो. इंग्रजीचा मात्र असा एक खांबच बदलला गेला आणि छप्पर पडले नाही. भाषेच्या इतिहासात ही गोष्ट दुर्मीळ मानतात. नामे सहज उसनी मिळतात, क्रियापदे अवघड, आणि ‘घेणे’सारखे रोजचे क्रियापद तर फारच अवघड.

शब्दांच्या या सोबतीचा पद्धतशीर अभ्यास सुरू झाला तो इंग्लंडात नव्हे, तर तोकियोत. हॅरॉल्ड पामर हे इंग्रज शिक्षक १९२२ साली जपानच्या शिक्षण खात्याचे सल्लागार म्हणून तिथे गेले. पुढच्याच वर्षी त्यांनी इंग्रजी अध्यापनाची एक संशोधन संस्था उभी केली. जपानी विद्यार्थी व्याकरण तोंडपाठ करत आणि शब्दार्थही. तरी वाक्य बोलले की ते इंग्रजी वाटत नसे. अडचण सुट्या शब्दांत नव्हती, ती जोड्यांत होती. १९३३ साली त्यांनी अशा शब्दजोड्यांचा मोठा अहवाल प्रसिद्ध केला. त्यांचे सहकारी ए. एस. हॉर्नबी यांनी दोन सहकाऱ्यांसह याच दिशेने परदेशी विद्यार्थ्यांसाठी शब्दकोश रचला. तो १९४२ साली, महायुद्धाच्या धामधुमीत, तोकियोतच छापला गेला. ज्या देशाशी आपला देश लढतो आहे, तिथे एका इंग्रजाचा इंग्रजी शब्दकोश निघाला. १९४८ साली तोच कोश ऑक्सफर्डने काढला. आपल्याकडच्या कॉलेजांतून अजूनही ज्याची पाने उलटली जातात, त्या ‘अ‍ॅडव्हान्स्ड लर्नर्स डिक्शनरी’चा हा मूळ अवतार.

दुसरे नाव जे. आर. फर्थ यांचे. १९१९ ते १९२८ या काळात ते लाहोरला पंजाब विद्यापीठात इंग्रजीचे प्राध्यापक होते. पुढे लंडन विद्यापीठात भाषाविज्ञानाचे पहिले अध्यासन त्यांच्याकडे आले. शब्दाची ओळख त्याच्या संगतीवरून करावी, हा त्यांनी १९५७ साली मांडलेला विचार आज जगभर प्रसिद्ध आहे. ‘रात्र’ या शब्दाच्या अर्थाचा एक भाग असा की तिच्याशेजारी ‘काळोखी’ येऊन बसते, असे ते समजावून सांगत. कवीला हे वेगळे सांगावे लागत नाही.

तिसरे ओट्टो येस्पर्सन. इंग्रजीचे जगन्मान्य व्याकरणकार आणि जातीचे डेन. ‘टेक अ वॉक’मध्ये कोणी काही हातात घेत नाही, घेण्याचा अर्थ विरून गेला आहे, सारा भार ‘वॉक’वर आहे. अशा क्रियापदांना त्यांनी ‘हलकी क्रियापदे’ म्हटले. १९८० नंतर बर्मिंगहॅम विद्यापीठात जॉन सिंक्लेअर यांनी सुमारे दोन कोटी शब्दांचा मजकूर संगणकावर गोळा केला आणि १९८७ साली त्यावरून शब्दकोश काढला. तेव्हा येस्पर्सनांच्या म्हणण्याला आकड्यांचा आधार मिळाला. ‘टेक’सारख्या क्रियापदांचा हाताने घेणे हा अर्थ कोशात पहिला असतो, पण लोक बहुतेक वेळा ते हलक्या अर्थानेच वापरतात.

आपले ‘घेणे’ही असेच हलके होते. ‘ऐकून घेणे’, ‘शिकून घेणे’, ‘जमवून घेणे’. यात हातात काही येत नाही. पण दोन भाषांची सोबत जुळतेच असे नाही. ‘मनावर घे’ असे आपण सांगतो तेव्हा कामाला लाग असे म्हणायचे असते. इंग्रजीत तेच शब्द ठेवले तर अर्थ होतो, मनाला लावून घेणे. लग्नात वधू नवऱ्याचे ‘नाव घेते’ म्हणजे उखाणा घालते. इंग्रज वधू नवऱ्याचे नाव ‘घेते’ म्हणजे आडनाव बदलते. आणि ‘टेन्शन घेऊ नको’ हे तर आपणच घडवले. नाम इंग्रजी, क्रियापद आपले. इंग्रजाला ते कळणार नाही, पण आपल्या पोराला नेमके कळते.

या जोड्यांवर माणसांची पारख होते, ही यातली टोचणारी बाजू. बी. ए. झाल्यावर मी एका नोकरीच्या मुलाखतीला गेलो होतो. माझ्या आधीचा उमेदवार खेड्यातला, मराठी शाळेत शिकलेला. दार अर्धे उघडे होते. ‘आय गेव्ह द एक्झाम इन एप्रिल’ असे तो म्हणाला आणि आत हसण्याचा आवाज आला. परीक्षा ‘दिली’ कशी, ती तर विद्यार्थी ‘घेतो’, असे कोणीतरी त्याला सुनावले. मुलगा लाल चेहऱ्याने बाहेर आला. त्याने मराठीतून विचार केला होता आणि मराठीत तो अगदी बरोबर होता. आपल्याकडे मास्तर परीक्षा घेतो आणि विद्यार्थी ती देतो. माझ्या घरात दखनी बोलली जाते; तिथेही इम्तिहान देतात. हसणाऱ्यांना हे माहीत नव्हते असे नाही. तेही अशाच घरांतून आलेले होते. इंग्रजीची रीत त्याला शिकवायलाच हवी होती. त्यासाठी हसण्याची मात्र गरज नव्हती.

मी तीसहून अधिक वर्षे मराठीत कविता लिहितो. तरी अधूनमधून एखाद्या कार्यक्रमानंतर कोणी प्रेमाने जवळ येऊन म्हणते, ‘तुमचं मराठी फार छान आहे हो!’ हेतू चांगला असतो, म्हणून मी हसतो. पण मनात येते, स्वतःच्या घरात नीट चालता येते याबद्दल कोणी कोणाचे कौतुक करते का? अशा वेळी मला ऑर्म आठवतो. त्याच्या परगण्यात कोणी त्याला ‘तुमचं इंग्रजी छान आहे’ म्हणाले असेल का?

परकेपण किती पिढ्यांनी संपते, याचे कोष्टक कोणाजवळ नाही. ज्या ऑक्सफर्डमध्ये १००२ साली डेन माणसे जाळली, त्याच ऑक्सफर्डमध्ये जेम्स मरे यांनी इंग्रजीचा तो प्रचंड कोश रचला. ‘टी’ या अक्षराचे काम चालू असतानाच १९१५ साली ते वारले. ‘टेक’ची नोंद त्यांच्याच वाट्याला आलेल्या भागात आहे. पानेच्या पाने भरलेली, अर्थांमागून अर्थ, जोड्यांमागून जोड्या. सुरुवातीला एका ओळीत लिहिले आहे की हा शब्द नॉर्स आहे, आणि पुढे सारा इंग्रजीचा संसार आहे. माणसे मारण्याचा हुकूम निघाला होता. शब्दाला मारण्याचा हुकूम निघू शकत नाही. तो पोरांच्या तोंडात, बायकांच्या गप्पांत, बाजाराच्या घासाघिशीत लपून राहतो, आणि एक दिवस हुकूम काढणाऱ्याचा पणतूही त्याच शब्दाने पाणी मागतो.

आपणही मुलांना इंग्रजी शिकवताना सुटे शब्द पाठ करायला लावण्यापेक्षा शब्दांच्या जोड्या कानावर घालाव्यात. तर्खडकरांच्या भाषांतर पाठमालेवर वाढलेल्या आपल्या पणजोबांना हे थोडेफार माहीत होते. वाक्य दोन्ही भाषांत शेजारी-शेजारी ठेवले की फरक आपोआप दिसतो. आणि एखाद्याने जोडी चुकवली, तर हसण्याआधी तो कोणत्या भाषेतून आला आहे ते पाहावे. बहुधा त्या भाषेत तो बरोबरच असतो. त्याला ‘समजून घेणे’ एवढे तरी आपल्याला जमावे. या जोडीतही ‘घेणे’ आहेच.

श्रोतेहो, वेळ संपत आली. तुमची रजा घेतो.